मदर्स-इन-लॉ आणि मुलंबाळं

संशयी : सर, नातीच्या वहीत एका इंग्रजी शब्दाचे चार तुकडे पाडलेले पाहिले. म, दर्स, इन, लॉ. म्हणजे ‘सासू’चं अनेकवचन. हे कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, कुठे तोडायचं ते सरांनी शिकवलं. आपलं सौंसर मध्य प्रदेशात. इथली पुष्कळ मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. इंग्रजी त्यांच्या वाट्याला येते ती तिसरी भाषा म्हणून. त्या भाषेत त्यांना अर्ज लिहिता आला, औषधाच्या पाकिटावरची आणि फवारणीच्या डब्यावरची सूचना वाचता आली, नागपूरला मुलाखतीत न अडखळता चार वाक्यं बोलता आली, तर पुष्कळ झालं. एकीपेक्षा जास्त सासवांचा इंग्रजीत उल्लेख करायची वेळ त्यांच्यावर कितीदा येणार? आणि आलीच, तर ‘मदर-इन-लॉज’ म्हटलेलं समोरच्याला कळणार नाही का? खुद्द इंग्रजांतही बोलताना तसं म्हणणारे आहेत. मला हा वेळेचा अपव्यय वाटतो. शिवाय अशा बारकाव्यांनी मुलांच्या मनात इंग्रजीची धास्ती बसते, ते जास्त वाईट.

आग्रही : काकाजी, धास्ती बसते ती घोकंपट्टीनं. पाठ करायला म्हणून हा शब्द दिला असता तर तुमचं म्हणणं मी तिथंच मान्य केलं असतं. हा निवडला, कारण अनेकवचनाचा प्रत्यय कुठे लागतो, तो कानाला कसा ऐकू येतो आणि शब्द म्हणताना तोंड कुठे सांधा राखतं, हे तिन्ही प्रश्न या एका शब्दात भेटतात. आधी पहिला घ्या. आपल्याकडे मावससासू असते, आतेसासू असते. त्या दोघी झाल्या की आपण मावससासवा, आतेसासवा म्हणतो. बैलबंडीच्या बैलबंड्या होतात. मुख्य नाम शेवटी असतं, म्हणून प्रत्ययही शेवटी लागतो. इंग्रजीतल्या या शब्दात मुख्य नाम सुरुवातीलाच आहे आणि ‘इन-लॉ’ ही त्याची पुरवणी आहे. मोजायच्या आहेत ‘मदर’, म्हणून प्रत्यय शब्दाच्या पोटात शिरतो. रस्त्यानं जाणारे ‘पासर्स-बाय’, सरसेनापती अनेक असले तर ‘कमांडर्स-इन-चीफ’. जिथे असं मोजण्याजोगं नामच नाही, तिथे प्रत्यय मुकाट्यानं शेवटी जातो : ‘ग्रोन-अप्स’, ‘मेरी-गो-राउंड्स’. मूल ‘मदर-इन-लॉज’ म्हणतं तेव्हा ते मराठीचाच नियम इंग्रजीला लावत असतं. तो नियम त्याला दाखवून दिला, तर आपली भाषा काय करते हेही त्याला पहिल्यांदा कळतं.

संशयी : नियम इतका सरळ असता तर मी गप्प बसलो असतो. सासरच्या सगळ्या मंडळींना मिळून इंग्रज काय म्हणतात? ‘इन-लॉज’. तिथे तीच पुरवणी नाम होऊन बसली आणि प्रत्यय शेवटी गेला. लष्करी न्यायालयाला ‘कोर्ट-मार्शल’ म्हणतात, त्याची दोन्ही अनेकवचनं शब्दकोशात सापडतात, ‘कोर्ट्स’ही आणि ‘मार्शल्स’ही. ज्या भाषेचं स्वतःचंच ठरलेलं नाही, तिचं तुम्ही आमच्या पोरांकडून काटेकोरपणे पाळून घेता.

आग्रही : ‘इन-लॉज’ माझ्याच बाजूनं बोलतं. ‘मदर’ निघून गेली, मोजायला उरलं ते ‘इन-लॉ’, म्हणून प्रत्यय त्याला लागला. ‘कोर्ट-मार्शल’मध्ये लोकांना मुख्य नाम कुठलं हे जाणवेनासं झालं, म्हणून दोन रूपं झाली. नियम मोडला तोही याच जाणिवेच्या आधारानं मोडला. आणखी एक कारण आहे. इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय पार शेवटी लागतो. ‘सासूचं घर’ म्हणायचं असेल तर ‘मदर-इन-लॉज हाउस’. उच्चार अगदी तोच. शेवटची जागा षष्ठीनं धरलेली असल्यामुळे अनेकवचन आत राहिलं तर ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. मराठीला ही अडचण येत नाही, कारण ‘सासवांचं’ म्हणताना ‘सासवां’ हे अनेकवचन आधी आणि ‘चं’ नंतर, अशी दोघांची रांग एकाच टोकाला लागते. आठवीच्या मुलांना हे एका तासिकेत समजतं. मी समजताना पाहिलं आहे.

संशयी : बरं, व्याकरण सोडलं. तुकड्यांचं काय? शब्द कुठे तोडायचा हे काम छापखान्याचं, ओळ संपली आणि शब्द उरला तेव्हाचं. तिथेही त्यांच्यात एकमत नाही. ‘नॉलेज’ हा शब्द जुने ब्रिटिश मुद्रक ‘नो’ म्हणजे ‘जाणणे’ अखंड ठेवून तोडत. अमेरिकन कोश उच्चार पाहून ‘ल’ आधीच्या तुकड्यात ठेवतो. ‘हेलिकॉप्टर’ मूळ ग्रीक अर्थाप्रमाणे तोडायचं तर ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असं तोडावं लागेल, आणि ‘प्टर’ कोण म्हणणार? मधल्या आडव्या रेघेचंही तेच. ऑक्सफर्डच्या दोन खंडांच्या शॉर्टर कोशानं २००७च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांमधली रेघ काढून टाकली. काही जोडून टाकले, काही सुटे केले. ज्या चिन्हाला त्याचे मालकच एवढ्या संख्येनं निरोप देतात, त्याच्यावर तुमची भिस्त कशाला?

आग्रही : छापखान्याचं काम म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याच गावांची नावं बघा. पांढुर्णा इंग्रजीत लिहिताना ‘ढ’साठी दोन अक्षरं लागतात. ओळीच्या शेवटी त्या दोघांच्या मध्ये रेघ पडली, तर एकीकडे ‘पांड’ राहतं, दुसरीकडे ‘हुर्ना’, आणि बाहेरचा माणूस तसंच वाचतो. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झाला, आपला सौंसर तालुका त्यात आला, म्हणजे हे नाव आता कितीतरी जास्त कागदांवर छापलं जाणार. सौंसरचंही पाहा. रेल्वे इंग्रजीत मधला ‘न’ घालून लिहिते. मँगेनीजसाठी प्रसिद्ध असलेल्या इथल्या खडकांच्या गटाला भूवैज्ञानिकांनी गावाचं नाव दिलं, त्यात तो ‘न’ नाही. ‘सौं’ हा एक ठोका आहे आणि अनुस्वार त्या स्वरातच विरलेला आहे, हे ज्याला माहीत नाही तो ‘सौन-सर’ म्हणणार. तुकडे कुठे पडतात हे ठाऊक नसलं की नाव बिघडतं.

आता रेघेकडे येतो. लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी १९५६ साली एक लेखच लिहिला, उच्चाराची खूण म्हणून या रेघेचा कसा उपयोग होतो यावर. ध्वनिशास्त्रातली जुनी जोडी आहे : ‘नायट्रेट’ हे रसायन आणि ‘नाइट-रेट’ म्हणजे रात्रीचा दर. ध्वनी जवळजवळ तेच, पण पहिल्यात ट आणि र एकमेकांत मिसळून जातात, दुसऱ्यात ट आधीच्या शब्दाचा राहतो आणि र ताजा सुरू होतो. रेघ लिहा अगर लिहू नका, सांधा तोंडात असतोच. शब्दकोशानं चिन्ह काढलं म्हणून तो जात नाही. आणि ‘मदर-इन-लॉ’मधल्या रेघा त्या आवृत्तीनंतरही टिकल्या आहेत.

संशयी : टिकल्या असतील. पण मुलाच्या तोंडात त्यानं काय फरक पडतो ते सांगा.

आग्रही : मोठा फरक पडतो. लिहिताना आपण ‘मदर्स’ लिहितो, म्हणून मूल स म्हणतं. इंग्रजीत अनेकवचनाचा हा प्रत्यय प, ट, क यांसारख्या अघोष ध्वनींनंतरच स राहतो. इतरत्र तो घोष होतो, आपल्या ‘जावई’तल्या ज सारखा. दंत्य ज, पण सुरुवातीची द-ची छटा काढून टाकलेला. ‘ग्रोन-अप्स’मध्ये स, ‘मदर्स’ आणि ‘पासर्स’मध्ये हा ज. लंडनच्या बोलीत तर आणखी गंमत आहे. ‘मदर’मधला र एरवी मुका असतो. एकवचनात पुढे ‘इन’ आला की तो जागा होतो आणि ‘मद-रिन-लॉ’ असं काहीसं ऐकू येतं. अनेकवचनात प्रत्यय मध्ये येऊन बसतो, र पुन्हा मुका होतो आणि त्याची जागा हा ज घेतो. एका प्रत्ययानं आसपासचे ध्वनी हलतात. आपण भारतात र म्हणतोच, तो म्हणावा. पण ज-च्या बाबतीत आपली मुलं भाग्यवान आहेत. हिंदी पुस्तक या ध्वनीसाठी ज-खाली नुक्ता देतं, आणि तो पाहूनही पुष्कळ हिंदी भाषक साधाच ज म्हणतात. मराठी मुलाला ‘आज’, ‘जाऊ’, ‘माझा’, ‘दरवाजा’ म्हणताना हा ध्वनी आयुष्यभर मिळालेला असतो. वेगळा शिकवावा लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

संशयी : थांबा सर, इथेच तुमची गाडी अडते. तो ज मराठीत सगळीकडे तसाच राहत नाही. ‘दरवाजा’त दंत्य आहे, ‘दरवाजे’ म्हटलं की तालव्य झाला. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांशी, ‘माझी’ म्हणताना ती टाळूकडे जाते. पुढे इ किंवा ए आला की आपली जीभ आपोआप वळते, कोणाला शिकवावं लागत नाही. आता तुमच्या शब्दात प्रत्ययाच्या पुढे काय आहे? ‘इन’. तुम्ही मुलांना सांगणार, सलग म्हणा, इंग्रज सलग म्हणतात. सलग म्हणताच तो ज ‘इन’ला चिकटला आणि आपल्या नियमानं ‘मदर्जिन’ झाला, ‘जीव’तला ज. हिंदीवाल्याला नुक्ता गाळून जे मिळतं, तेच मराठीवाल्याला आपल्या नियमानं मिळालं. म्हणजे तुम्ही ज्याला भाग्य म्हणता ते पुढच्याच स्वराला संपतं. मग ‘मदर्स’ असा स म्हणून थांबलेला काय वाईट? निदान शब्द ओळखू तरी येतो.

आग्रही : हे मी असं मांडलं नव्हतं, आणि तुमचं निरीक्षण खरं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ‘आज इथे’ म्हणून पाहा. ज-च्या पुढे इ आली, तरी ज दंत्यच राहिला. ‘आजिथे’ असं कोणी म्हणत नाही. कारण मराठी तोंडाला माहीत आहे की ‘आज’ तिथे संपला आणि ‘इथे’ सुरू झाला. जीभ वळते ती एकाच शब्दाच्या आत. म्हणजे मुलाला ‘मदर्स’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये सांधा आहे हे कळलं, तर ज वाचतो. नाही कळलं, तर बिघडतो. वहीतली ती तोड याचसाठी. इंग्रजी अभ्यासकांतही यावर दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, व्यंजन शक्य तितकं पुढच्या स्वराला द्यावं, जसं आपल्या संस्कृत संधीत जगत् आणि ईश मिळून ‘जगदीश’ होताना त-चा द होऊन तो दीर्घ ई-कडे जातो. जे. सी. वेल्स यांनी १९९०च्या आपल्या उच्चारकोशात तुकडे पाडले ते शब्दाचा सांधा राखून, म्हणजे व्यंजन आधीच्या घटकाकडेच ठेवून. इंग्रज मुलाला दोन्ही चालतात. मराठी मुलासाठी वेल्स यांची रीत जास्त सुरक्षित, असं तुमच्याच उदाहरणावरून मी आता म्हणेन.

संशयी : आणि सांधा राखताना मूल थबकलं, ‘मदर्स… इन… लॉ’ असं एकेक म्हणू लागलं, तर? आपल्या मुलांचं इंग्रजी वाचन आधीच तुटक आहे. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून ती वाचतात. तुम्ही शब्दाच्या आतही बोट ठेवायला शिकवता.

आग्रही : ‘आज इथे’ म्हणताना आपण थबकत नाही, तरी सांधा राहतो. हे त्यांना ऐकवायचं आहे. पण खरं सांगायचं तर वर्गात पहिल्या काही वेळा ती थबकतातच. त्यावर माझ्याकडे सरावाखेरीज उपाय नाही.

संशयी : मग मला जे खरोखर सलतं ते ऐका. इंग्रजी सासवांसाठी तुम्ही एवढे जपता. नातीला मी परवा मराठी गोष्ट वाचायला दिली. त्यात होतं, ‘मुलंबाळं घेऊन ती माहेरी आली.’ पोरीनं वाचलं ‘मुलम्बालम्’. घरात ती हाच शब्द दिवसातून किती वेळा नीट म्हणते! छापलेला दिसताच तिनं तो हिंदीच्या डोळ्यांनी वाचला. अनुस्वाराच्या पुढे ब आला म्हणजे म् म्हणायचा, ‘कुटुंब’, ‘खंबा’सारखा. पण इथलं टिंब ते नव्हेच. ते अनेकवचनाचं, ‘मुलं’तल्या लांबलेल्या अ-चं. गुरंढोरं वाचताना ण् घुसेल, झाडंझुडपं वाचताना ञ्. तिची चूक काय? नागपूर राजधानी होतं त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या जोडीनं मराठीही राज्यकारभाराची भाषा होती. १९५६ साली, तुमच्या जोन्स साहेबांच्या लेखाच्याच वर्षी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण छिंदवाड्याबरोबर इकडे राहिलो. त्याबद्दल मी आज तक्रार करत नाही. पण पिढ्या उलटल्यावर आमच्या घरातलं पोर आईची भाषा परक्यासारखी वाचतं, आणि शाळेतला चांगला शिक्षक आपली चांगली तासिका ‘मदर्स-इन-लॉ’ला देतो, हे मला पाहवत नाही.

आग्रही : काकाजी, तुम्ही आत्ता सांगितलंत ते माझ्या प्रश्नाचंच मराठी रूप आहे. मघाशी मी म्हणालो की मराठीत अनेकवचन शेवटी लागतं. ते अर्धंच खरं होतं. जिथे दोन्ही नामं बरोबरीची असतात, तिथे दोघांनाही प्रत्यय लागतो. मुलंबाळं, लेकीसुना, सासवासुना, बायकापोरं. म्हणजे शब्दाच्या पोटात अनेकवचन आपल्याकडेही आहे, आणि ते ऐकू कसं येईल हे सांधा ओळखण्यावरच ठरतं. सांधा दिसला तर ‘मुलं’ म्हणाल, नाही दिसला तर ‘मुलम्’. मग मी पुढचं विचारतो. आपल्या भागातल्या मुलांसाठी वाचनपुस्तक काढलं, तर त्यात ‘मुलं-बाळं’, ‘गुरं-ढोरं’ अशी रेघ का घालू नये? मराठीत विरामचिन्हं रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडींसारख्यांच्या खटपटीनं. ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठीच आली. आज सोयीची गरज असलेला वाचक आपल्या घरात बसला आहे.

संशयी : नको. रेघ घातलीत की मूल तेवढ्यापुरतं नीट वाचेल, पण पुण्यामुंबईचं पुस्तक हातात आलं की पुन्हा अडेल, कारण तिथे रेघ नसणार. शिवाय प्रमाण लेखनात ‘मुलेबाळे’, ‘गुरेढोरे’ हा मार्ग आहेच. तिथे टिंब नाही, घोटाळा नाही.

आग्रही : ‘मुलेबाळे’ कोण बोलतं घरी? मुलीच्या आईच्या तोंडचा शब्द कागदावर तसाच उमटला, तर मराठी वाचणं ही आपलीच गोष्ट आहे असं तिला वाटेल. प्रमाण रूप दिलंत तर घोटाळा टळेल, पण हिंदी आणि इंग्रजीच्या जोडीला मराठीही तिच्यासाठी पुस्तकी भाषा होईल. ही किंमत तुम्हाला मान्य आहे?

संशयी : नाही, मान्य नाही. आणि प्रत्येक पुस्तकात कुबड्या लावायलाही मी तयार नाही. लहानपणी आम्ही ‘मुलंबाळं’ नीट वाचलं ते रेघेमुळे नाही. कोणीतरी मोठ्यानं वाचत होतं आणि आम्ही ऐकत होतो. शब्द कानात आधी होता, डोळ्यांपुढे नंतर आला. आज कानात आहे, डोळ्यांपुढेही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ चिन्हानं पडेल असं तुम्ही म्हणता, ऐकण्यानं पडेल असं मी म्हणतो. तुमच्या ‘मदर्स-इन-लॉ’बद्दलही मला हेच वाटतं. मात्र तिथे एक अडचण मला दिसते. इंग्रजी मोठ्यानं वाचून दाखवणारं घरी कोणी नाही, म्हणून तिथे चिन्हाचाच आधार घ्यावा लागतो. मराठीत तो घ्यावा लागू नये.

आग्रही : पण आता मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं तरी किती घरांत उरलं आहे? तुमच्या घरी तुम्ही आहात. माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या घरी तसं कोणी नाही. त्यांना मी काय देऊ?

संशयी : त्याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही. पण एवढं करा. फळ्यावर ‘मदर्स’ लिहाल तेव्हा स-च्या जागी ज लिहा आणि तो ‘आज’मधला ज आहे हे तोंडी सांगा. त्याच तासिकेत आधी ‘आज इथे’ आणि ‘मुलंबाळं’ म्हणून घ्या, मग इंग्रजी शब्दाकडे जा. आणि दर शनिवारी एक तासिका मला द्या. मी मराठी वाचून दाखवायला येतो, माझ्या वयाच्या आणखी दोघाचौघांना घेऊन येतो. रेघ घालायची की नाही हे त्यानंतर ठरवू.

आग्रही : या. पण वाचायचं पान बोलीतलंच निवडा, टिंबांसकट.